पट्टा पडल्याचा निरोप

माझी माय दिवसा पाणी पीत नाही. तोंडाला तांब्या लावला की ओठ घट्ट मिटून घेते, मान फिरवते, आणि फारच मागं लागलं तर हातानं तांब्या उडवून लावते. पाणी घरभर. मग मी फडकं घेऊन पुसत बसते आणि पुसता पुसता तिला, स्वतःला, भावाला, सगळ्यांना बोल लावते. शेजारीण दारातून म्हणते, नर्सबाई, तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं म्हाताऱ्या आईला असं बोलावं का? मी म्हणते, तुम्ही एक दिवस पाजून दाखवा, मग मला शहाणपण शिकवा.

नर्सबाई मीच. शिरूर कासार तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे. लेकरांना लस देणं, गरोदर बायकांची नोंद ठेवणं, आणि गेली काही वर्षं तिशीच्या वरच्या सगळ्यांचं बीपी आणि शुगर तपासणं, हे माझं काम. माणसाच्या दंडाला पट्टी बांधायची, आकडा कार्डावर लिहायचा, वाढलेलं असेल तर गोळ्या द्यायच्या आणि ‘औषध सुरू’ या रकान्यात टिक करायची. या टिक करण्याविषयीच मला सांगायचं आहे. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या माय-बापाचा कोयता होता. आमच्याकडं नवराबायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. दिवाळी झाली की टोळी ट्रकात बसायची आणि घाटाखाली नाहीतर कर्नाटकात कुठल्या तरी कारखान्याच्या हद्दीत जाऊन उतरायची. तिथं उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या घालायच्या, पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढवायच्या. मला मायनं एकाही हंगामाला नेलं नाही. मावशीपाशी गावातच ठेवलं. बाप म्हणायचा, पोरगी भाकरी टाकील, धाकट्याला सांभाळील, न्यायची. माय म्हणायची, न्हाई न्यायची, ती शाळंत जाईल. बापापुढं ती एवढ्या एकाच गोष्टीला अडून बसली.

म्हणून मी सहा सहा महिने वाट बघत मोठी झाले. चैत्राच्या आसपास कुणाच्या तरी तोंडी निरोप यायचा, ‘पट्टा पडला, आई येतीय म्हणावं.’ कारखान्याचा हंगाम संपला की पट्टा पडला म्हणतात. पुढं किराणा दुकानात फोन आला, मग दुकानदार ओरडून सांगायचा. ते ऐकलं की मी शाळेतून थेट फाट्यावर जाऊन उभी राहायचे. ट्रक त्या दिवशी येवो, न येवो. माय उतरायची तेव्हा काळी ठिक्कर पडलेली असायची, हाताला उसाच्या पात्यांनी कापलेलं असायचं. सगळ्यात आधी ती हापशावर जायची आणि ओंजळीनं पोटभर पाणी प्यायची. मला तेव्हा वाटायचं, प्रवासानं तहान लागली असेल.

मी नोकरीला लागले तसा बाप वारला. माय भावाच्या आणि भावजयीच्या जोडीनं फडात जातच राहिली. मी सांगून थकले, आता बस कर. तिला बसणं माहीतच नव्हतं. पहिल्यांदा तिचं बीपी मोजलं तेव्हा माझाच विश्वास बसेना. दुसऱ्यांदा मोजलं, तेवढंच भरलं. तिला काहीच होत नव्हतं, ना डोकं दुखत होतं, ना चक्कर येत होती. गोळ्या सुरू केल्या. हंगामाला निघताना सहा महिन्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या प्लास्टिकच्या डब्यात घालून दिल्या आणि दहादा बजावलं, रोज सकाळी एक, विसरायचं नाही. ती म्हणाली, न्हाई इसरत. तू दिल्यात म्हनल्यावर कशी इसरंल?

चैत्रात परत आली की मी विचारायचे, घेतल्यास का?

घेतल्या की, म्हणायची.

मी टिक करायचे. बीपी मोजलं तर जास्तच निघायचं. मग मी म्हणायचे, उन्हातून आली आहे, दमली आहे, बसू दे जरा. थोड्या वेळानं पुन्हा मोजायचे आणि दोन्हींतला कमी आकडा लिहायचे. साहेबांना आकडे चांगले लागतात आणि माझ्या घरचंच कार्ड खराब दिसावं हे मला नको होतं. सहा वर्षं मी हे केलं.

शेवटच्या हंगामात ती फडातनं कोपीवर यायची वाट चुकली. भाऊ सांगत होता, अर्ध्या किलोमीटरची वाट, आणि माय तिसऱ्याच रानात बांधावर बसलेली सापडली. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, सगळे फड सारखेच दिसतात, मी तरी ओळखीन का? तेव्हापासून तिला माझ्याकडं ठेवून घेतलं. मग भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं. बुद्धविहारापासून घरापर्यंत चार घरं, तेवढ्यात ती भलत्याच दारात जाऊन कडी वाजवायला लागली. एकच गोष्ट सकाळपासून चार वेळा विचारायची. माझ्याबरोबर काम करणारी आशाताई म्हणाली, मॅडम, एकदा दाखवून घ्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, माय अडाणी आहे, वेडी नाही. आयुष्यभर लोकांनी तिला काही कळत नाही म्हणून हिणवलं, आता तू सुद्धा सुरू झालीस. त्यातही एक वर्ष गेलं.

शेवटी एके दिवशी मायचं तोंड किंचित वाकडं झालं आणि दुपारपर्यंत परत सरळ झालं. तेव्हा मात्र मला नाही म्हणायला जागा राहिली नाही, कारण याचा अर्थ मी दर महिन्याच्या बैठकीत बायकांना समजावून सांगत होते. बीडला गाडी बदलून तिला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते, स्वभावानं शांत. त्यांनी मायला विचारलं, आजी, आज तारीख काय? माय माझ्याकडं बघायला लागली. बरं, महिना कोणता? माय म्हणाली, पट्टा पडाया म्हैना हाय अजून. मला इतकं बरं वाटलं. मी म्हटलं, सर, बरोबर आहे, फाल्गुन चाललाय, तिचं कॅलेंडर तेच आहे. ते हसले आणि म्हणाले, मला पटलं, सिस्टर, तारखेला मी फार धरत नाही. मग त्यांनी तिला तीन शब्द सांगितले. विहीर, शेळी, भाकर. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, आजी, मघाशी मी कोणते शब्द सांगितले? माय म्हणाली, कोनते शब्द? तुमी कवा आलाव?

यात अडाणीपणाचा काही संबंध नव्हता. शेळी आणि भाकर कुणाला शाळेत जाऊन शिकावी लागत नाही.

मग डॉक्टर माझ्याकडं वळले आणि कागदावर लिहीत एकेक विचारायला लागले. शाळा किती झाली? अजिबात नाही. डोक्याला कधी मार लागला होता? लागला होता. फळीवरनं मोळीसकट खाली पडली होती, बराच वेळ शुद्ध नव्हती. शुद्धीवर आल्यावर चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोडायला लावलं. ऐकू येतं का? कमी येतं. तंबाखू? मिस्री, दिवसातून चार वेळा. चुलीचा धूर? जन्मभर. घरात बोलायला माणसं असतात का? मी ड्यूटीला जाते, भाऊ सहा महिने बाहेर, हंगामात आमची अर्धी वस्ती रिकामी असते.

गर्भपिशवी आहे का, त्यांनी विचारलं.

पिशवी तिशीच्या आतच काढलेली. पाळीच्या दिवसांत फडात बाईचे हाल कुत्रं खाणार नाही असे होतात, आणि एक दिवस बसलं तर खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो. टोळीतल्या बायका एकमेकींना सांगायच्या, काढून टाक, मोकळी हो. माय पण मोकळी झाली. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते, डबा घेऊन जायचे. तो खाजगी दवाखाना आता तिथं नाही आणि कागद तर आमच्याकडं कधी नव्हताच. डॉक्टरांनी विचारलं, अंडाशयंही काढली होती का? मला काय माहीत? मायला काय माहीत? ते म्हणाले, इतक्या कमी वयात ती काढली असतील तर पुढं मेंदूलाही धोका वाढतो. मी मान हलवली. माझ्या उपकेंद्राच्या हद्दीत पिशवी काढलेल्या बायका घराघरात आहेत, आणि सगळ्या अजून चालत्याबोलत्या आहेत. आता त्यांच्या दंडाला पट्टी बांधताना मला भीती वाटते.

डॉक्टर विचारत होते तो रोगाचा धोका, आणि प्रत्येक उत्तराला मी मायचं आयुष्यच सांगत होते. तिच्या जगण्यातली एकही गोष्ट त्या कागदातनं सुटली नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, बीपी?

या एका प्रश्नाची मी वाटच बघत होते. मी ताठ बसून म्हटलं, बीपी आहे, पण गोळ्या नियमित आहेत, सर. सहा वर्षं. मी स्वतः देते.

त्यांनी सकाळीच काढून घेतलेला डोक्याचा फोटो उजेडात धरला आणि बारीक बारीक डाग दाखवले. म्हणाले, हे छोटे झटके आहेत, सिस्टर. कळलेही नसतील इतके छोटे, पण पुष्कळ आहेत. बीपी वर्षानुवर्षं मोकाट राहिलं की असं होतं. नियमित गोळ्या असताना इतके असायला नको होते. मग म्हणाले, गेलं ते परत येत नाही. उरलंय तेवढं राखायचं. गोळी चुकवू नका आणि पाणी कमी पडू देऊ नका, नाहीतर पुढचा झटका मोठा येईल.

घरी आल्यावर मी मायची पत्र्याची पेटी उघडली. आधार कार्ड आणि जुने कागद शोधायचे होते. तळाशी, लुगड्यांच्या खाली, जुन्या पातळाच्या फडक्यात बांधलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. एकेका वर्षाच्या वेगळ्या. सहा गाठोडी. हंगामातली एकही गोळी पट्टीतून बाहेर आलेली नव्हती.

मी ती गाठोडी तिच्यापुढं आपटली. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की म्हटलं, खोटं कावून बोललीस? सहा वर्षं मला फसवलंस.

मायला त्या दिवशी बरंच समजत होतं. ती गाठोड्यांवरनं हात फिरवत म्हणाली, ती गोळी घेतली की घटकंघटकंला जाया लागतंय गं. फडात कुटं जाऊ? समदे गडी भवतीनं. ट्रक भरताना मोळी डोक्यावर, मदीच फळीवरनं उतरू व्हय? आमी तर पानीच पीत न्हवतो दिवसभर. समद्याच बाया. सांजंला कोपीवर आलं की प्यायचं.

त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असतं. बायकांना मीच सांगते, घाबरू नका, एक-दोनदा जास्त जावं लागेल. जायचं कुठं, हे मला कधी सुचलं नाही. उपकेंद्रात संडास आहे, माझ्या घरात संडास आहे. फडात मी कधी गेले नव्हते, कारण मायनं मला जाऊच दिलं नव्हतं.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? दुसरी गोळी दिली असती.

ती म्हणाली, तुझ्या कार्डावर लिवायचं असतंय ना. तुला सायब बोलला असता.

आणि फेकल्या का नाहीस?

तुज्या हातच्या हैत. फेकायच्या कशा?

मी तिथंच पेटीपाशी बसले आणि रडले. ती माझ्या नोकरीसाठी खोटं बोलत राहिली आणि मी नोकरीसाठी त्या खोट्यापुढं टिक करत राहिले. दुसरं कुणी असतं तर मी रिकाम्या पट्ट्या मोजायला मागितल्या असत्या, दुसऱ्या बायकांना मागतेच. मायला मागितल्या नाहीत. मोजलेल्या बीपीचा आकडा खरं बोलत होता आणि मी त्यातला सोयीचा निवडत होते.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. पण तोवर उशीर झाला होता. पुढच्या वर्षभरात मायचं घर, मी, विहार, शेजारीण हे सगळं हळूहळू पुसत गेलं आणि तिच्या डोक्यात फक्त फड उरला. सकाळी उठली की कमरेला पदर खोचते आणि कोयता शोधते. मला कधी बाई म्हणते, कधी मुकादमाची बायको समजून उभी राहते. आणि फडात असल्यामुळं ती पाणी पीत नाही. गोळी तोंडात घातली तर गालात धरते आणि माझी पाठ वळली की काढून पदराच्या गाठीत बांधते. एकदा गाठ सोडली तर आत सात ओल्या गोळ्या. म्हणाली, गाडी भरायची हाय, बाई. आत्ता न्हाई घेत.

मी सगळं करून बघितलं. दुधात कुस्करून दिली, गुळात दिली, धाकानं दिली. एकदा तर तिचे गाल दाबून तोंड उघडलं. ती नुसती बघत राहिली माझ्याकडं, आणि मी हात काढून घेतला. ओठ सुकून भेगाळले, लघवी पिवळी व्हायला लागली. मला आकडे कळतात, त्यामुळं रोज पट्टी बांधली की जीव टांगणीला लागायचा. पुढचा झटका मोठा येईल, हे डॉक्टरांचं वाक्य डोक्यातनं जात नव्हतं. सहा वर्षं मी चुकवली होती आणि आता एकेक दिवस माझ्या डोळ्यांसमोर चुकत होता.

यंदा चैत्राच्या तोंडावर एका दुपारी भावाचा फोन आला. माय जवळच भिंतीला टेकून बसली होती. मायला जरा आवाज ऐकवावा म्हणून मी फोन मोठ्यावर टाकला. भाऊ तिकडनं ओरडून म्हणाला, अक्का, पट्टा पडला. उद्या निघतोय आमी.

माय ताडकन सरळ झाली. म्हणाली, पडला?

मी म्हटलं, पडला.

तिनं कोपऱ्यातला तांब्या स्वतःच्या हातानं उचलला आणि एका दमात रिकामा केला. हनुवटीवरनं पाणी गळत होतं. परत तांब्या पुढं केला. मी भरून दिला, तोही प्यायली. मग मी घाईघाईनं गोळी आणली. तिनं हातावर घेऊन तोंडात टाकली, गिळली. इतकं सोपं होतं ते. फोनवर भाऊ हॅलो हॅलो करत होता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा फडात होती, ओठ मिटून. मी दुपारी कामावरनं मधेच घरी आले, दारातूनच म्हटलं, माय, पट्टा पडला. ती पाणी प्यायली.

तेव्हापासून सकाळी तांब्या उडवला तरी दुपारी मी रोज पट्टा पाडते. शेजारीण दारातून ऐकते. हे बरोबर की चूक, मला विचारू नका. बीपी उतरलं आहे. आता मी दोनदा मोजते ती खात्री करायला, आणि जो जास्त भरेल तो लिहिते.

फक्त पाणी पिऊन झाल्यावर ती रोज एक गोष्ट विचारते, आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय गोळी घेत नाही. कालही विचारली. तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं आणि माझा हात धरून म्हणाली, बाई, गावाकडं कोन जातंय का? माजी पोरगी हाय तितं, तिच्या मावशीपाशी. शाळंत जाती. तिला निरोप धाडा, पट्टा पडला, आई येतीय म्हणावं. लई वाट बगती ती.

धाडला, मी म्हटलं.

काय म्हनली?

म्हणाली, फाट्यावर उभी राहते.

माय हसली. मग तिनं तोंड उघडलं, मी जिभेवर गोळी ठेवली आणि ती खाली उतरेपर्यंत थांबले. नंतर कार्ड काढून टिक केली.